धनी

लोधिवलीत आमच्या ओटीवर एक जुना संगणक आहे. शनिवारी दुपारी गावातली पोरं त्यावर शिकायला येतात. या वर्षी आम्ही गावातल्या भातखाचरांची नावं गोळा करत होतो. म्हातारी माणसं सांगतील तशी नावं लिहायची, एका ओळीत एक. एका घराची एक फाइल. जाताना मुलं `wc -l` ही ओळी मोजायची आज्ञा देत आणि एकूण ओळींचा आकडा फळ्यावर लिहीत.

त्या शनिवारी फळ्यावर मागचा आकडा होता दोनशे चार. संगणक म्हणाला, एकशे ऐंशी.

"बाई, गोदूबाईची फाइल नाय," अपेक्षा म्हणाली. मग मागे वळली. "ओमकार, तूच उडवलीस ना रं?"

"मी कशाला उडवू?"

"तुजा बाप जमिनी दाखवतो मुंबयवाल्यांना. गोदूबाईच्या खाचरातनं वाट जाते, ते त्या फायलीत लिवलं व्हतं. वाटेचं शेत कोन घेनार? तेच नको असंल तुमाला."

ओमकारने माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याकडे वळले, आणि ते त्याने टिपलं.

संध्याकाळी अपेक्षाची आई विनिता आली. पायरीवरूनच म्हणाली, "बाई, तो सहदेवचा पोरगा येनार असंल, तर आमची अपेक्षा नाय येनार. बाकीच्यांच्या आया पन तेच बोलतायत."

"शनिवारपर्यंत थांब," मी म्हटलं. ओमकारवरचा माझाही विश्वास डळमळला होता. मोजायच्या आधी सर्वांत शेवटी तोच संगणकाजवळून उठला होता.

पुढच्या शनिवारी पोरं दोन गटांत बसली. ओमकार खांबाला टेकून एकटाच. मी `history` लिहायला सांगितलं. आपण दिलेल्या आज्ञा संगणक लक्षात ठेवतो, त्या ओळीने पडद्यावर आल्या.

"पुसायची आज्ञा कोणती?"

"`rm`," सगळे म्हणाले.

"शोधा."

ती कुठेच नव्हती. अपेक्षा पुटपुटली, "ती पन पुसली असंल."

"मग `mv` बघा. मागच्या शनिवारी आपण नावं बदलली होती ना?"

आधी फायलींना मुलांची नावं होती. ती बदलून शेताच्या मालकाचं नाव द्यायचं ठरलं होतं, तेही म्हातारी माणसं सांगतील तसंच. अपेक्षाच्या दोन फायली होत्या. तिने वाचलं:

`mv अपेक्षा१ धनी`

`mv अपेक्षा२ धनी`

"धनी कोण गं?" मी विचारलं.

"गोदूबाईला विचारलं शेत कोनाचं, तर बोलली आमच्या धन्याचं. नवऱ्याचं नाव कशी घेनार ती? दुसऱ्या फायलीतली भागूबाई पन तसंच बोलली." ती थांबली. "दोनी धनीच."

"भरलेल्या पाटीवर न विचारता दुसरं लिहिलं, तर पहिलं राहतं का?"

अपेक्षाने दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "गोदूबाईवर भागूबाई लिवली मी." खांबाजवळून आवाज आला, "मंजे मी नाय."

गेलेली फाइल परत येणार नव्हती, आणि गोदूबाई आता नेरळला मुलाकडे राहत होती. "मी जाऊन लिहून आनतो," ओमकार म्हणाला. अपेक्षा झटकन म्हणाली, "मी पन येनार. बघायला."

रविवारी तिघं गेलो. गोदूबाईने ओमकारला निरखलं. "कोनाचा रं तू?"

"सहदेवचा."

"जमिनी इकतो तो?"

ओमकारने मान खाली घातली. म्हातारी नावं सांगू लागली, पण नजर त्याच्यावरच ठेवून. तो मोबाइलवर टाइप करत होता.

शनिवारी ती फाइल संगणकावर घेतली. `wc -l` म्हणालं, तेवीस.

"आधी चोवीस व्हती," अपेक्षा म्हणाली, पण या वेळी हळू.

ओमकारचा चेहरा उतरला. "एक नाव तिनं ठेवून घेतलं, बाई. माज्यामुळं."

विनिता पायरीवर उभी होती. तिनेही ते ऐकलं.

"बोट ठेवून मोज," मी म्हटलं. तो मोजू लागला. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. "चोवीस हायत!"

"शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलंस?"

"नाय."

"`wc` एंटर मोजतं. एंटर नसेल, तर शेवटची ओळ असूनही त्याच्या हिशेबात येत नाही."

त्याने एंटर दाबून फाइल जतन केली. चोवीस. अपेक्षाने पुढे वाकून ती शेवटची ओळ वाचली: "वाटेवरलं."

ज्या ओळीसाठी त्याच्यावर आळ आला होता, तीच ही.

फायलीला नाव द्यायचं होतं. मी `mv -i` लिहायला सांगितलं. ओमकारने मुद्दाम 'धनी' असंच नाव दिलं. संगणक अडला: या नावाची फाइल आहे, तिच्यावर लिहू का?

"ह्यो इचारतो तरी आधी," विनिता म्हणाली.

ओमकारने 'नाही'चं बटण दाबलं. "मग काय नाव देऊ?"

"गोदूबाईचे धनी," अपेक्षा म्हणाली. "आनि सरक जरा, मला दिसत नाय."

विनिताने चपला काढल्या आणि ओटीवर येऊन बसली.