नाव न विचारता विकलेलं पिस्तूल

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या आमच्या केल्सो बेंड गावात व्हर्लिन स्टॉडर्डइतका सरकारवर खार खाऊन असलेला दुसरा माणूस नव्हता. सुतारकामात हयात गेलेली, बोलणं रोखठोक. ओळखीपाळखीत बंदूक विकतानाही घेणाऱ्याची पोलिसांच्या नोंदीत तपासणी व्हावी, असा कायदा यायच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा कॅफेत सकाळच्या कॉफीला तोच तावातावानं बोलायचा. दुकानदारानं तपासावं, त्याचा धंदाच आहे. पण माझ्या कपाटातली वस्तू मी कुणाला देतो याची पंचाईत तुम्हाला कशाला, असं त्याचं म्हणणं. बर्ल हॅकेट, त्याचा शाळेपासूनचा दोस्त, शेजारी बसून मान डोलवायचा.

त्याच ऑक्टोबरात दोघांनीही एकेक पिस्तूल विकायला काढलं. गावच्या पेपरात जाहिरातीसुद्धा शेजारी शेजारी छापून आल्या.

व्हर्लिनकडे एक तरुण मुलगी आली. मेलेला उंदीर उचलावा तसं तिनं ते पिस्तूल धरलं. बाहेर ट्रकमध्ये एक माणूस इंजिन चालू ठेवून बसला होता, टोपी डोळ्यांवर ओढलेली. व्हर्लिननं काहीही विचारलं की ती आधी खिडकीबाहेर बघायची.

"कुणासाठी घेतेस, पोरी?"

"माझ्यासाठीच."

"मग तो का आत येत नाही?"

"त्याला थंडी सोसत नाही."

अंगणात लख्ख ऊन पडलं होतं. व्हर्लिनच्या मनात पाल चुकचुकली. गावातल्या दुकानात जाऊ, तिथं तुझं नाव तपासून देतात, मग खुशाल घेऊन जा, असं तो म्हणाला. ती विचारून येते म्हणून बाहेर गेली. ट्रक निघून गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या टेबलावर आम्ही त्याची भरपूर टर उडवली. सरकारनं तुला बिल्ला कधी दिला, म्हणून बर्लनं विचारलं. व्हर्लिन हसला नाही. तपासणी नको असलेला माणूस आणि तपासणीला घाबरणारा माणूस यांत फरक असतो, एवढंच म्हणाला.

नोव्हेंबरात गावातल्याच नदीन क्रॉली या बाईच्या दारावर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारा तिचा आधीचा नवरा. तिच्या जवळ फिरकायचं नाही आणि बंदूक बाळगायची नाही, असा कोर्टाचा हुकूम त्याच्यावर होता. नदीन मागच्या खोलीत होती म्हणून वाचली. तो पकडला गेला. ट्रक व्हर्लिनच्या अंगणाबाहेर उभा होता तोच, आणि ती मुलगी त्याची नवी मैत्रीण होती. पिस्तूल याच भागात कुणाकडून तरी घेतलं, एवढंच त्यानं सांगितलं. शेरीफ आमच्या टेबलापाशीही येऊन विचारून गेला. सगळे आपापल्या कपात बघत राहिले.

शेरीफ गेल्यावर व्हर्लिननं हळू आवाजात विचारलं, "बर्ल, तुझं पिस्तूल आहे का रे अजून?"

"विकलं."

"कुणाला?"

"होता एक. शेजारच्या मॉन्टाना राज्यातला असावा."

"असावा?"

"नाव नाही विचारलं मी. विचारायचं नसतं, हे तूच सांगायचास ना?"

मॉन्टानाचा माणूस खरा असेलही. पण बर्ल बोलताना त्याच्याकडे न बघता मिठाची बाटली फिरवत होता, आणि ते आम्हा सगळ्यांना दिसलं होतं. त्यानंतर आमचं टेबल पूर्वीसारखं राहिलं नाही. कायद्याचा विषय निघाला की व्हर्लिन बर्लकडे बघायचा, बर्ल दरवाजाकडे, आणि आम्ही त्या दोघांकडे. शेरीफकडे जावं असं व्हर्लिनच्या मनात येऊन गेलं. पण सांगणार काय? दोस्त मिठाच्या बाटलीशी खेळत होता, हे?

शेवटी सुतारकामाची हत्यारं घेऊन तो नदीनकडे गेला. जुनं दार चाळणी झालेलं, त्यावर तिनं घोंगडी ठोकली होती. तो बिजागऱ्या काढत असताना बर्लची गाडी येऊन थांबली. मागे ओकच्या लाकडाचं जाडजूड नवं दार बांधलेलं होतं.

"तुला कुणी बोलावलं?" व्हर्लिननं विचारलं.

"कुणी नाही. एकट्याला पेलणार नाही तुला."

नदीननं दोघांना कॉफी दिली आणि बर्लचे पुन्हा पुन्हा आभार मानले. त्यानं कप घेतला, पण तिच्या नजरेला नजर दिली नाही. दुपारपर्यंत दोघांनी मिळून दार बसवलं. बर्लनं खालची बाजू धरली होती. व्हर्लिन स्क्रू पिळत होता आणि मधूनमधून त्याच्या हातांकडे बघत होता.