खूण दोनदा येते

चाळीस मधपेट्या ट्रकवर चढवून, दोर आवळून झाले होते आणि ट्रक सुरू होत नव्हता.

पेट्यांची दारं पहाटेच बंद केली होती, सगळ्या माश्या आत असताना. नऊ वाजता शेजारच्या फळबागेत विषारी औषध फवारणार होते. दारं उघडावीत तर माश्या सरळ त्याच फुलांवर जाणार. बंद ठेवावीत तर उन्हात आतच गुदमरणार. ट्रक चालता असता तर पेट्यांच्या जाळीतून वारा तरी लागला असता. आठ वाजून गेले होते.

वहिनी पेट्यांवर ओली पोती टाकत होत्या. दोन पेट्यांच्या चाळीस करायला त्यांना आठ वर्षं लागली होती. धाकटा दीर कमरेपर्यंत बॉनेटखाली शिरला होता.

"भाऊजी, काल संध्याकाळी तर गाडी धडधाकट होती."

"ठिणगीचे पॉइंट झिजले होते, वहिनी. बदलताना स्क्रू आत पडला, म्हणून ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटरच अख्खा उपसला. पण परत बसवताना खूण अगदी बरोबर जुळवलीय. आईशप्पथ!"

"सासूबाईंना कशाला मध्ये घालताय? गाडी सुरू करा."

त्याने पुन्हा स्टार्टर मारला. इंजिन कण्हलं, कार्बोरेटरच्या तोंडातून फाडकन जाळ आला. त्याच्या भुवया थोडक्यात वाचल्या.

"बॅटरीपण बसत आली," तो म्हणाला. आवाज रडवेला झाला होता.

वहिनींनी सासऱ्यांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्यांचा सगळा जन्म ट्रकखाली, दुरुस्त्या करण्यात गेला होता. आता गुडघ्यांनी घरी बसवलं होतं.

"खूण जुळवलीस?" त्यांनी विचारलं.

"इंजिनच्या पुलीवरची खूण काट्यासमोर आहे, आबा."

"कितव्या फेरीची?"

"आबा, आता शाळा नको हो!"

"शाळा नको म्हणत आलास म्हणूनच ही वेळ आली. ऐक. एका सिलिंडरला ठिणगी एकदा लागते, तेवढ्यात इंजिन दोन फेऱ्या मारतं. म्हणजे खूण दोनदा येते. एकदा पिस्टन पेट्रोलची वाफ दाबत वर येतो. ठिणगी तेव्हा हवी. दुसऱ्यांदा तो नुसता धूर बाहेर ढकलत येतो. तेव्हा ठिणगी पडली तर आत येणारं पेट्रोल पेटून उलटं तोंडातून बाहेर पडतं."

"खूण तर एकच. ओळखायचं कसं?"

"अंगठ्याने. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढ आणि भोकावर अंगठा ठेव. सूनबाई, तू पुढून इंजिनचं हँडल फिरव. घाई नको."

वहिनी हँडलला लोंबकळल्या. एक फेरी झाली, खूण समोर आली.

"अंगठा ढिम्म," दीर म्हणाला.

"अजून एक."

दुसरी फेरी अर्ध्यावर जड झाली. वहिनींनी सगळं अंग टाकलं. फुस्स!

"ढकलला! आबा, अंगठा ढकलला!"

"आता खूण येईपर्यंत हळू. आली? थांबा. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढ. आतला फिरता रोटर कुठे बघतोय?"

"सहाव्या वायरीकडे."

"आणि ठिणगी हवी पहिल्याला. बरोब्बर उलटा बसवलास. उपस, अर्धा फेरा फिरव, पहिल्याकडे तोंड करून बसव. बोल्ट सैल ठेव. इंजिन लागलं की डिस्ट्रिब्युटरची बॉडी केसभर इकडे-तिकडे फिरव. आवाज सुटा झाला की आवळ."

दीर पान्याशी झटत होता. तेवढ्यात वहिनींनी खालच्या रांगेतल्या पेटीला कान लावला. गुणगुण होती, पण तुटक. फळीच्या फटीतून मधाची बारीक धार गळत होती. आत मेण मऊ पडलं होतं.

"लवकर, भाऊजी."

प्लग लागला, टोपी बसली. स्टार्टर दोनदा घरघरला. तिसऱ्या वेळी इंजिन खोकलं, अडखळलं आणि धडधडू लागलं. दिराने बॉडी जराशी वळवली, आवाज सुटा झाला, बोल्ट आवळला गेला. फोनमधून आबा ओरडून काहीतरी विचारत होते; ऐकूच येत नव्हतं.

नऊला दहा मिनिटं कमी होती. वहिनी मागे पेट्यांत चढल्या. त्याच पेटीला त्यांनी पुन्हा कान लावला. नुसतं इंजिन. तळहात ठेवला, फळी थरथरत होती, पण सगळा ट्रकच थरथरत होता.

"भाऊजी, एक मिनिट बंद करा! मला ऐकू द्या!"

दिराने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बंद केली आणि परत लागलीच नाही तर?"

वहिनींनी मागे वळून पाहिलं. शेजारच्या बागेत फवारणीचा पंप सुरू झालेला दिसत होता. त्यांनी हाताने पुढे जायची खूण केली आणि दोन्ही हातांनी ती गळणारी पेटी घट्ट धरून बसल्या.