घट्ट तेल

शिनोहाराला कुणी आपणहून मदत केली की त्याच्या मनात पाल चुकचुकायची. बायकोनं न मागता चहा पुढे केला तरी हा आधी तिच्या तोंडाकडे बघणार आणि मग कपाकडे. असा माणूस नेमका रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीत पडला. तिथे सगळे एकाच लांब टेबलाशी मांडीला मांडी लावून बसतात, गाड्या उघड्या टाकतात, आणि कुणी काय बसवलंय ते सगळ्यांना दिसतं. फक्त पोटातलं दिसत नाही. गाडीच्याही आणि माणसाच्याही.

भातखाचरांच्या पलीकडच्या त्या ट्रॅकवरून दर वर्षी एकालाच राष्ट्रीय शर्यतीचं आमंत्रण मिळायचं. शेजारच्या खुर्चीवरचा ओगिनो दोनदा जाऊन आला होता. शिनोहारा एकदाही नाही. त्या रविवारी मात्र दुसऱ्या फेरीअखेर सगळ्यात चांगली वेळ त्याच्या नावावर लागली होती आणि ओगिनो त्याच्या केसभर मागे होता. एकच फेरी उरली होती. आमंत्रण इतकं जवळ आल्यावर माणसाला भूक लागत नाही. शिनोहाराचा नोरीत, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळात, गुंडाळलेला भाताचा गोळा तसाच पडून होता.

पण गाडी खरी बरी नव्हती. वळणात शिरताना तिचं नाक बाहेर पळत होतं, आणि ते त्याला कळत होतं. पुढच्या दोन चाकांच्या मधला डिफ हे त्याचं मूळ. वळणावर आतलं चाक कमी फिरायला हवं, बाहेरचं जास्त. ती मोकळीक डिफ देतो. त्यात तेल पातळ भरलं तर मोकळीक फार, घट्ट भरलं तर कमी. आणि काही जण डिफच काढून टाकतात, सलग दांडा बसवतात. मग दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, गाडी वळणातून बाहेर पडताना बाणासारखी सुटते, पण आत शिरायला कुरकुरते. यातलं काय निवडायचं यावर त्या टेबलाशी मैत्र्या तुटल्यात, मी डोळ्यांनी पाहिलंय.

सकाळीच त्यानं ओगिनोला सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, पुढे काय बसवलंयस. ओगिनो कॉफीचा गरम डबा दोन्ही हातांत धरून बसला होता, गार वारा होता. "डिफच आहे," तो म्हणाला. "पण तेल मिळेल तितकं घट्ट. अगदी डिंकासारखं. एक भरून तयार ठेवलाय जादाचा, हवा तर घे."

बास, तिथंच माशी शिंकली. एकच आमंत्रण, आणि हा आपला डिफ देऊ करतो? इतक्या वर्षांची ओळख ठीक आहे, पण साखर एवढी कशाला पेरायची? शिनोहारानं हसून नको म्हटलं. मग त्याला जुनी प्रकरणं आठवायला लागली. ओगिनो कामाच्या वेळी गाडीवर पंचा टाकून ठेवतो. मागच्या वसंतात त्यानं नवे स्प्रिंग लावले आणि आठवडाभर बोलला नाही. आता या गोष्टी तिथले सगळेच करतात, शिनोहारा स्वतःही करतो. पण संशय एकदा डोक्यात शिरला की त्याला पुरावा कमी पडत नाही.

दुसऱ्या फेरीनंतर गाड्या तपासणीच्या टेबलावर ओळीनं ठेवल्या होत्या. तपासणी होईपर्यंत तिथल्या गाडीला हात लावायचा नाही, आणि दुसऱ्याच्या गाडीला तर विचारल्याशिवाय कधीच नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडणाऱ्याशी लोक बोलणं सोडतात. ट्रॅक चालवणाऱ्या बाई, मियासाका सान, माइक ठेवून शेगडीत रॉकेल घालायला गेल्या. शिनोहारा टेबलाशी वाकला, बुटाची नाडी बांधतोय असं दाखवलं, आणि उठता उठता ओगिनोच्या गाडीचं डावं चाक धरून उजव्याला एक झटका दिला. चाक तसूभर हललं नाही. पुन्हा झटका. दगड.

म्हणजे सलग दांडा. आणि मला म्हणतो डिफ! त्याला राग आला, आणि खरं सांगायचं तर रागापेक्षा बरंही वाटलं. आपण उगाच संशय घेत नव्हतो, याचं केवढं समाधान असतं माणसाला. त्यानं जागेवर जाऊन पाठ वळवली, आपला डिफ उपसून काढला आणि सलग दांडा बसवला. ओगिनोनं बघितलं, भुवया उचलल्या, म्हणाला, "आज या गार रस्त्यावर दांडा? अरे, नाक आणखी बाहेर जाईल." शिनोहारा म्हणाला, बघू.

बघायला फार वेळ लागला नाही. तिसऱ्या फेरीत गाडी पहिल्याच वळणाला हट्टी गाढवासारखी सरळ निघाली. वेळ इतकी वाईट लागली की मियासाका सान माइकवर ती वाचताना खाकरल्या. पण मोजायची होती ती ज्याची-त्याची सर्वोत्तम वेळ, आणि शिनोहाराची आधीची वेळ अजून सगळ्यांच्या वर होती. गाड्या गटागटानं सुटायच्या, आता ओगिनोचा गट राहिला होता.

तिथला रिवाज असा, की ज्याची फेरी संपली त्यानं पुढच्या गटाच्या वेळी वळणावर उभं राहायचं आणि उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. कुणाचीही असो, मित्राची की वैऱ्याची, उचलायची आणि ठेवायची. शिनोहाराच्या वाट्याला शेवटचं वळण आलं. तिथून त्याला ओगिनोची गाडी प्रत्येक चकरेला दिसत होती, आणि ती वळणात अशी शिरत होती की बघवेना. दांडा असून नाक आत कसं जातं? हाच दांडा माझ्या गाडीत का अडतो? याचाच विचार करत तो उभा होता, घड्याळाकडे त्याचं लक्षही नव्हतं.

शेवटच्या चकरांत मागच्या एका गाडीनं धक्का दिला आणि ओगिनोची गाडी शिनोहाराच्या पायाशी येऊन उलटी पडली. त्यानं ती उचलली. नेहमीसारखी लगेच ठेवली असती तरी ओगिनो जिंकत होता, तेवढी आघाडी त्यानं मिळवली होती. पण पुढची दोन चाकं समोरच होती, आणि बोटांना राहवलं नाही. या वेळी त्यानं झटका दिला नाही. डावं धरलं, उजव्याला हळूच रेटा दिला, आणि रेटा देतच राहिला.

चाक फिरलं. हळूहळू, जड, पण फिरलं. घट्ट तेल झटक्याला दाद देत नाही, सावकाश दाबलं तर वाट देतं. हे त्याला इतकी वर्षं ठाऊक होतं. चोरून हात लावणाऱ्याला सावकाश दाबायला सवड नसते, एवढंच.

रिमोट धरून सगळे उभे असतात त्या वरच्या चौथऱ्यावरून कुणीतरी ओरडलं, "ठेव ना खाली." त्यानं दचकून गाडी ठेवली. ओगिनो शर्यत पूर्ण करून आला तेव्हा तो शिनोहाराच्या वेळेच्या केसभर मागे होता.

मियासाका सान यांनी शिनोहाराचं नाव वाचलं. टाळ्या वाजल्या, पण ओल्या लाकडासारख्या. टेबलाशी तो आला तसं बोलणं थांबलं. सगळ्यांनी वरून पाहिलं होतं, आणि सगळ्यांनी एकच ठरवलं होतं. माणसाचा जन्म दुसऱ्यावर संशय घेण्यात जावा आणि एका संध्याकाळी तो सगळा आपल्यावर परत यावा, तसं त्याचं झालं. फरक इतकाच, की आमंत्रणासाठी गाडी अडवण्याचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

ओगिनो गाडी पुसत होता. शिनोहारा त्याच्यापुढे वाकला आणि म्हणाला, आमंत्रण मी घेत नाही, तू जा. मग त्याला राहवेना. लोक म्हणतात तसं नाही, मुद्दाम नाही अडवली, असं म्हणत त्यानं सगळं सांगून टाकलं: तपासणीचं टेबल, तो झटका, मग ते हळू रेटणं. सांगताना त्याला वाटत होतं, खरं कळलं की ओगिनोच्या मनातला गाळ बसेल.

ओगिनोनं सगळं ऐकून घेतलं. फडक्याची घडी घातली.

"मला वाटलं होतं, हाव सुटली तुला," तो म्हणाला. "एवढ्या वर्षांत एकदा जायला मिळत होतं, तेव्हा हात जरा रेंगाळला. ते मी घरी जाताना वाटेतच विसरलो असतो. मघाशी यांनाही तेच सांगत होतो, की जाऊ द्या रे, त्याच्या जागी मीही कदाचित थांबलो असतो." त्यानं पेटी बंद केली. "पण मी सकाळी तुला खरं सांगितलं, आणि तू माझ्या गाडीला विचारलंस."