निळ्या पडद्यामागचा खिमा

आमच्या ओहायोतल्या जिल्ह्याच्या जत्रेत माझा मुरांब्याचा ठेला असायचा. त्या वर्षी, म्हणजे १९०७ साली, शेजारी ओटिली क्रूझ नावाची जर्मन बाई आली. तव्यावर कांदा घालून खिम्याच्या चपट्या टिक्क्या भाजायची. आधी बशीत द्यायची. पण लोकांना बैल बघत फिरायचं असायचं, म्हणून पावाच्या दोन कापांत दाबून द्यायला लागली. बशीत निदान दिसायचं काय खातोय ते. शिकागोच्या खाटीकखान्यांबद्दल पेपरात काय काय छापून आलेलं, त्यामुळे खिमा म्हटलं की आमच्याकडे लोक आधीच नाकं मुरडायचे.

खिमा ती ठेल्यामागे निळ्या पडद्याआड करायची. मी सहज विचारलं, तर म्हणाली, "मी एकटीच आहे हो, सगळं मीच करते." आणि ती तव्यापाशी उभी असताना पडद्यामागे कोणीतरी खोकलं.

बुधवारी शर्यतीत एका घोड्याचा पाय मोडला. त्याला गोळी घालून तबेल्यामागे ओढून नेलं. गुरुवारी ओटिलीकडे नेहमीपेक्षा जास्त माल दिसला. मी माझ्या नवऱ्याला, व्हर्जिलला, एवढंच म्हटलं, "तो घोडा गेला कुठे पण?" तो न्हाव्याकडे दाढी करायला गेला आणि तिथे बोलला. दुपारपर्यंत लोक पाव उघडून, वास घेऊन परत करायला लागले. मग कोणी घेईचना.

मला राहवेना. मीठ मागायच्या निमित्ताने मी पडद्यामागे शिरले. फळीला खिम्याचं यंत्र ठोकलेलं, बाजूला बैलाची ताजी मांडी, आणि खोक्यावर बसलेला एक बुटका माणूस. मला बघताच त्याने डावा हात एप्रनखाली लपवला. पण मला दिसलं. तीन बोटं नव्हती.

"ओरडू नका, पेकहॅमबाई," ओटिली मागून म्हणाली. "माझा नवरा आहे, एमिल. शिकागोला यंत्रात गेली बोटं. असा हात खिम्याच्या यंत्रावर बघून कोण खाईल, सांगा."

तिने माझ्या वाटीत मीठ घातलं.

"ते घोड्याचं कोणी उठवलं, काही कळलं का तुम्हाला?"

"नाही बाई," मी म्हणाले.

एमिल उठला. "पुरे झालं लपणं. तसंही कोण खातंय?" म्हणत त्याने पडदा ओढून काढला, फळीसकट यंत्र पुढे आणलं आणि सगळ्यांसमोर मांस घालून दांडा फिरवायला लागला. गर्दी जमली. सगळ्यांच्या नजरा त्याच्या हातावर.

"बोटं कुठे ठेवलीस रे बाबा?" एका शेतकऱ्याने विचारलं.

"शिकागोला. या खिम्यात शोधू नका."

चारदोघं हसले. घेतलं मात्र कोणीच नाही. ओटिली तव्याकडे बघत उभी होती. मग मीच म्हणाले, "मला एक द्या."

सगळ्यांसमोर खाल्लं. गरम होतं, कांदा छान खरपूस झालेला, पावात चरबी मुरलेली. चव चांगलीच होती. पण खोटं का सांगू, माझी जीभ शेवटच्या घासापर्यंत काहीतरी टणक शोधत होती.

"मलाही द्या," तो शेतकरी म्हणाला, "पण खिमा माझ्यासमोर करायचा."

मग प्रत्येकजण तेच म्हणायला लागला. संध्याकाळपर्यंत मांडी संपली.

शनिवारी आवराआवर करताना ओटिलीने कागदात गुंडाळून खिम्याचा एक पाव दिला. "तुमच्या नवऱ्याला द्या. घोड्याची फार काळजी करत होते म्हणे." हसली नाही. कुठून कळलं, किती कळलं, मला विचारायचा धीर झाला नाही. मी घाईघाईने पीचच्या मुरांब्याची बरणी तिच्या हातात ठेवली.

तिने झाकण उघडलं, वास घेतला, बोटाने थोडा चाखला, आणि मगच बरणी पेटीत ठेवली.