साठ मिनिटांची भुकटी

मास्तरांचा हात त्या आठवड्यात थरथरत नव्हता. सगळं बिघडलं ते त्यामुळेच.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. दुर्बिणीचे आरसे घासण्यात चाळीस वर्षं घालवली, म्हणून कारखान्याने त्यांना मास्तर करून टाकलं. घराच्या मागच्या खोलीत एका पिंपावर काच ठेवायची, तिच्यावर ओली भुकटी पसरायची आणि वर दुसरी काच फिरवत राहायचं. आधी जाड भुकटी, मग बारीक, मग त्याहून बारीक. या वेळची काच परातीएवढी होती आणि दहा महिन्यांनी एकदाची शेवटच्या भुकटीवर आली होती.

भुकटी निवडायचं काम बायकोचं. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात ते तिच्या गळ्यात पडलं, आणि मग तिने कुणाला त्याला हात लावू दिला नाही. इतक्या बारीक कणांसाठी चाळणी उपयोगाची नाही, इथे पाणीच चाळणीचं काम करतं. उंच बरणीत भुकटी ढवळायची आणि हाताची घडी घालून बसायचं. जाड कण आधी तळाला जातात, बारीक कण रेंगाळतात. पाच मिनिटांनी वरचं गढूळ पाणी नळीने ओढून घेतलं तर ती पाचवाली भुकटी, अर्ध्या तासाने तीसवाली, आणि तासभर थांबूनही जे तरंगत राहतं ती साठवाली. एका ढवळण्यात साठवाली चमचाभरही निघत नाही. म्हणून ते पाणी आठवडाभर एकाच पातेल्यात जमवायचं, मग दोन दिवस निवळू द्यायचं. नळीचं टोक बरणीवरच्या खुणेखाली गेलं, तळाचं थोडं जरी ओढलं गेलं, तर पातेलं ओतून द्यायचं. यात दयामाया नाही.

कारखान्यातून यंत्रावर निवडलेल्या भुकटीच्या बाटल्या यायच्या. मास्तर त्या न उघडताच परत पाठवायचे. "आमच्या घरी यंत्र आहे," म्हणायचे, "फक्त ते मधूनमधून बोलतं."

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं की, ज्या दिवशी आपल्या हाताने काचेवर चरा पडेल त्या दिवशी काम बंद. बायकोला हे सांगितलं तेही जेवताना, मीठ मागावं तसं. मग गेल्या महिन्यात डॉक्टरांनी गोळी बदलली आणि हात निवळला. दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती. बोललो तर पळून जाईल, अशी धास्ती.

मंगळवारी शेवटच्या बरणीतलं पाणी ओढताना फोन वाजला. लेकीचा असेल म्हणून ती वळली. क्षणभरच. परत पाहिलं तर नळीचं टोक खुणेच्या बोटभर खाली होतं आणि तळातून एक करडी रेघ नळीत चढून पातेल्यात उतरत होती.

आता पातेलं ओतायचं. पुन्हा एक आठवडा. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"झालं का गं?" मागच्या खोलीतून हाक आली, तिसऱ्यांदा. त्या आवाजात किती महिन्यांनी उमेद होती. हात आणखी आठवडाभर असाच राहील, याची हमी कोण देणार?

"झालं," ती मोठ्याने म्हणाली.

भुकटी पारखायची रीत ठरलेली होती. काचेच्या दोन तुकड्यांमध्ये चिमूट ठेवायची आणि ते एकमेकांवर फिरवत कान द्यायचा. एकच जाड कण असला तरी खर्र वाजतो. अशा तीन चिमटी. कारखान्याच्या गोंगाटात मास्तरांचे कान कधीच कामातून गेले होते, म्हणून हेही काम तिचंच. गुरुवारी तिने पहिली चिमूट ऐकली. स्वच्छ. दुसरी घ्यायचं धाडस तिला झालं नाही.

शनिवारी त्या भुकटीवरचं घासणं संपवून मास्तरांनी काच धुतली, खिडकीशी धरली आणि तिच्यावरून नख फिरवलं. मधोमध एक चरा, वीतभर.

"गेला," ते म्हणाले.

"काय?"

"हात."

"काच पुन्हा घासता येईल की."

"काच येईल," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर चार दिवस ती मूग गिळून बसली. पहिल्या दिवशी वाटलं, त्यांचं मन बदलेल. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कारखान्याला काच घेऊन जायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी हत्यारं कागदात बांधली आणि गोळी घेणं सोडलं. "आता कशासाठी घ्यायची?" असं त्यांनी अगदी सरळपणे विचारलं. चौथ्या दिवशी चहाची कपबशी त्यांच्या हातात वाजू लागली आणि तिला ते ऐकवेना.

असली गोष्ट हळू आवाजात सांगायची असते. पण मास्तरांना ऐकू जावी म्हणून तिला ती ओरडून सांगावी लागली.

"अहो, चरा माझ्यामुळे पडला! नळी खाली गेली होती! तुमचा हात तेव्हा खणखणीत होता!"

मास्तर तिच्याकडे बघत राहिले, मग हसले.

"चौतीस वर्षांत तुझी नळी कधी खाली गेली?"

"या वेळी गेली. थांबा, दाखवते."

उरलेली भुकटी तिने आणली. पहिली चिमूट गप्प. दुसरीला वाजलं, खर्र, दाराबाहेरच्या माणसालाही कळावं इतकं स्पष्ट. तिने तुकडे त्यांच्या कानाशी नेले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग तिने त्यांची बोटं वरच्या काचेवर दाबून धरली, कान नाही तर निदान बोटांना तरी कळेल म्हणून. पण बोटंच अशी थरथरत होती की खालच्या एवढ्याशा कणाचं त्यांना काय कळणार.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "तुझी भुकटी नेहमी स्वच्छच असते."

"काचेवर ओरखडा उठलाय, भिंग लावून बघा."

"या तुकड्यांवर चौतीस वर्षांचे ओरखडे आहेत."

"मग नवी काच आणते."

"पुरे गं." त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला, आणि तिचाही हात हलू लागला. "माझ्यासाठी स्वतःच्या कामाला बट्टा लावून घेऊ नकोस. दोघांपैकी एकाचं तरी नीट राहू दे."

दारावर थाप पडली. ती त्यांना ऐकू गेली नाही, म्हणून तिनेच सांगितलं. कारखान्याची माणसं काच न्यायला आली होती. मास्तर दार उघडायला उठले. ती तिथेच बसून दोन तुकडे एकमेकांवर फिरवत राहिली. कण वाजत होता.