'बंद' म्हणायचं नाही

मी हार्ड डिस्क बोलतेय. भोसरीतल्या एका लेथच्या वर्कशॉपच्या लॅपटॉपमध्ये, झाकणाखालच्या उजव्या कोपऱ्यात माझा मुक्काम. हल्लीच्या डिस्क म्हणे फिरतच नाहीत, बसल्या जागी सगळं करतात. मी जुन्या वळणाची, दिवसभर गरगर फिरणारी. वय आठ वर्षं, म्हणजे आमच्यात चाळिशी उलटलेली. उठताना थोडी करकरते, पण कामाला नाही म्हणत नाही.

माझ्या तबकडीवर एक सुई हिंडते. टेकत नाही हं, केसाहून कमी अंतर राखून तरंगते. धक्का बसून टेकली की संपलं. हे आताच सांगून ठेवते.

माझी मालकीण अरुंधती. वर्कशॉप तिच्या सासऱ्यांनी, उद्धवरावांनी काढलेलं. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांचा एक नियम होता. चालत्या धंद्यात 'बंद' म्हणायचं नाही. दिवा शांत करायचा, शटर वाढवायचं.

मी आले त्याच संध्याकाळी अरुंधती म्हणाली, "थांबा अण्णा, लॅपटॉप बंद करते."

"अगं, बंद काय? वाढव म्हण."

"लॅपटॉप वाढवू? म्हणजे टीव्हीएवढा करू?"

अण्णा हसले, पण नियम हलला नाही. तिने मग मधला मार्ग काढला, हायबरनेट. "झोपवते, अण्णा. हे चालेल?"

"हे चालेल."

तेव्हापासून अरुंधतीने मला कधी बंद केलेलं नाही.

झोपवायचं म्हणजे दिवसभर मेमरीत जे उघडं पडलंय, ते मी माझ्या एका ठरलेल्या जागी उतरवून घ्यायचं आणि सकाळी जसंच्या तसं परत द्यायचं. चाळीस सेकंदांचं काम. पण रोज तीच जागा, आठ वर्षं. ती जागा आता नासलीये. तिथे एक ओळ लिहायला दहादा गिरवावं लागतं. चाळीस सेकंदांची अकरा मिनिटं झाली.

"झोपायलाच एवढा वेळ? माझ्यावर गेलाय मेला," अरुंधती लॅपटॉपला म्हणाली आणि कासारवाडीच्या भीमराजकडे घेऊन गेली. त्याचं स्टेशनजवळ दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने एक भलीमोठी फाइल माझ्यावर चढवून बघितली. ती गेली माझ्या धडधाकट भागात. मी सुसाट पळाले.

"ताई, स्पीड बघा! डिस्क टकाटक आहे."

मी वेडी, फुशारले. डॉक्टरसमोर बसलं की आपलं दुखणं पळतं ना, तसं झालं. दुखऱ्या जागेला त्याने हातच लावला नाही. वर "मेमरी कमी पडतीये" म्हणून दुप्पट मेमरी घातली. झालं! जेवढी मेमरी जास्त, तेवढं माझं लिहिणं जास्त. अकराची एकोणीस झाली.

"बॅकअप आहे ना, ताई?"

"आहे की. ह्याच्यातच दोन वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलंय."

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. नुसतं "हं" म्हणाला.

त्यातल्या एका फोल्डरचं नाव 'अण्णा'. अण्णांची वाचा गेल्या वर्षी गेली, अर्धांगाचा झटका आला तेव्हा. त्याआधी त्यांनी जुन्या जॉबची, म्हणजे कुठला भाग मशीनवर कसा लावायचा त्याची, सेटिंगं ह्याच लॅपटॉपवर बोलून रेकॉर्ड करून ठेवली होती. कागदावर एक अक्षर नाही. "पोरी, ही रिंग पकडताना फार आवळू नको, अंड्यासारखी होते." अरुंधती घरी ते लावते. अण्णा खुर्चीत बसून स्वतःच्याच आवाजावर ओठ हलवतात.

शुक्रवारी चाकणच्या कंपनीचा तोच रिंगचा जॉब परत लागणार आहे. उद्या गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी. उद्या ती सगळं ऐकून वहीत उतरवणार आहे. पण ती दोन्ही फोल्डर माझ्या नासक्या जागेला खेटून आहेत, आणि नासणं पसरतंय. परवा रेकॉर्डिंगमधले अण्णा "फार आव... आव... आव..." करत अडकले.

"नेट गेलं वाटतं," अरुंधती म्हणाली.

बाई, नेटचा काय संबंध? तो टकटक आवाज माझा होता.

आज बुधवार. साडेसहाला मशीनवरच्या समाधानने विचारलं, "मॅडम, शटर वाढवू का?"

"वाढव." तिने झाकण मिटलं, मला बॅगेत कोंबलं आणि बॅग स्कूटरवर पायापाशी ठेवली. झाकण मिटलं की मी झोपले, असं तिला वाटतं. मी अजून लिहितेय. बॅगेत हवा नाही, मला घाम फुटलाय, तबकडी फिरतेय आणि सुई तरंगतेय. दिघीचं घर यायला अजून दहा मिनिटं, माझं लिहिणं संपायला चौदा.

अरुंधती, घरी पोचलीस की आधी अण्णांना दुसरीकडे ने. पेनड्राइव्हवर, फोनवर, कुठेही. मग मला झोपवू नकोस आणि वाढवूही नकोस. बंद कर. मी अपशकून मानणार नाही.

पुढे गतिरोधक आहे. तिथे ती वेग कमी करते. रोज करते. आज मागून बसवाला हॉर्न मारतोय.