आयांपासून काढलेली करडं

जरा अशा जवळ सरका, बायांनो. महाराज व्यासपीठावर येईपर्यंत माझ्या घरातलीच एक गोष्ट सांगते.

माझा धाकटा भाऊ रसेश आमच्या पाटणकडच्या एका पांजरपोळीत आहे. दिवसभर लंगड्या, म्हाताऱ्या जनावरांना चारा घालतो, आणि संध्याकाळी खिचडी-कढी पोटात पडली की कंप्युटरवर पुन्हा जनावरंच सांभाळतो. त्या खेळात बर्फाळ डोंगरात एक वस्ती वसवायची असते. तिथली माणसं, शेती, शेळ्या, सगळं खेळणाऱ्यानं बघायचं. शेळ्या किती ठेवायच्या तो आकडा घातला, की वरच्या आपोआप कापल्या जातात. रसेशनं तो रकाना कोराच ठेवला होता.

"एक हिवाळा तरी कुणाला न मारता काढायचाय, मोटीबेन," म्हणायचा. आणि दर हिवाळ्यात वस्ती उपाशी मरायची.

त्या दिवशी बघते, तर हा कपाळाला हात लावून बसलेला. पडद्यावर गवताची गंजी संपून शेळ्यांनी माणसांचं धान्यही फस्त केलेलं, माणसं भुकेनं आडवी पडलेली, आणि वाडा शेळ्यांनी गच्च.

"बोकड वेगळे ठेवले नव्हतेस का रे?"

"ठेवले होते ना! पांजरपोळीत ठेवतो तसेच, पलीकडच्या वाड्यात."

"मग ही पलटण काय आभाळातनं पडली?"

पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "करडं आयांजवळच राहू दिली. दूध पितं पोर आपल्यात कोण तोडतं? त्यातलेच नर तिथं मोठे झाले. आता सगळ्या गाभण."

"मग आता?"

"आकडा घालायचा, नाहीतर माणसं मरू द्यायची. नाहीतर पानगळीच्या वेळी राखून ठेवलेला डाव उघडायचा, तिथून पुन्हा खेळायचं, आणि नर करडं आधीच बाहेर काढायची."

"मग उघड की! मुहूर्त काढून आणू?"

"हात धजत नाही, बेन."

"अरे, वसुदेवानं काय केलं? देवकीच्या कुशीतनं उचललं, म्हणून तर कानुडा वाचला."

हसला, पण दमलेलं हसू. "त्याला यमुनेनं वाट दिली. मला नुसता माउस दिलाय."

तरी उघडला डाव. पोती उतरवावीत तसं, खांदे पाडून, एकेक करडू कुंपणापलीकडं नेलं. हिवाळा आला. गंजी पुरली. एकही जीव गेला नाही.

मी टाळी वाजवली. रसेश पडद्याकडंच बघत होता.

"या आया बघ, बेन. ओरडतसुद्धा नाहीत. खेळ बनवणाऱ्याला सुचलंच नसेल."

मशीन बंद केलं आणि भिंतीला पाठ टेकून तसाच बसला. इतके दिवस ज्याच्या मागे लागला होता ते मिळालं, आणि चेहऱ्यावर त्याचं काही म्हणजे काही नाही.

आज महाराज नंदोत्सव गाणार आहेत. पेढे वाटतील, गुलाल उडेल. तुम्ही नाचा, गुडघे कुरकुरले तरी मीही नाचणार. फक्त टाळी वाजवताना देवकीची आठवण ठेवा. गोकुळात पाळणा हलत होता तेव्हा तिची कूस रिकामी होती.